आपल्याले कोण पुसते?

क्रिकेटचे स्टेडियम कोणासाठी बांधतात, असा प्रश्न कोणी विचारला तर शहाणी माणसे त्याला वेड्यात काढतील. 'खेळाडूंसाठी!' असे ती उत्तर देतील. परंतु खेळाडूंना लागते ते मैदान. बावीस यार्डांची खेळपट्टी, भोवती हिरवळ आणि सीमेवर एक दोर, एवढ्यात त्यांचे भागते. चाळीस-पंचेचाळीस हजार खुर्च्यांची ती अवाढव्य उतरंड खेळाडूंच्या काय कामाची? ती रचली जाते प्रेक्षकासाठी, आणि नेमके त्या प्रेक्षकालाच तेथे सर्वांत शेवटी विचारले जाते, ही माझी तक्रार आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तक्रार वाढू नये हे मला कळते. पण ताटात लाडू-करंजीच्या शेजारी तिखट चकलीही असतेच. वाचकांनी हा लेख चकलीच्या जागी धरावा.

आमचे शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातले, मंगरूळपीर तालुक्यातले गाव. शाळेत शिकवणे आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणे हा माझा व्यवसाय. क्रिकेट हे लहानपणापासूनचे व्यसन. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आमच्या गावालगत त्या रस्त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. पूर्वी नागपूरला जायचे म्हणजे अख्खा दिवस प्रवासात मोडायचा. आता पहाटे निघालेला माणूस शाळा भरण्याच्या सुमारास नागपुरात असतो. तेव्हा आमच्या पंचक्रोशीतल्या क्रिकेटवेड्यांना जामठ्याच्या स्टेडियमची स्वप्ने पडू लागली, यात नवल नाही. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा रस्त्यावर उभ्या असलेल्या या स्टेडियमवर पहिला कसोटी सामना नोव्हेंबर २००८ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो सामना सौरव गांगुलीचा अखेरचा कसोटी सामना होता आणि भारताने तो १७२ धावांनी जिंकला. आम्ही तो गावात, एका दुकानाच्या ओट्यावर दाटीवाटीने उभे राहून टीव्हीवर पाहिला होता.

प्रत्यक्ष ते स्टेडियम मी पाहिले २६ फेब्रुवारी २०२५ रोजी. महाशिवरात्रीची सुट्टी होती आणि रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू होत होता, विदर्भ विरुद्ध केरळ. निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला गाठले. म्हणाले, "गुरुजी, घरी टीव्हीवर सारं दिसते न. तिथं जाऊन काय करता? तिथं आपल्याले कोण पुसते?"

त्यांच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. जिना चढून वर आलो आणि ते हिरवे वर्तुळ एकदम डोळ्यांसमोर उलगडले, तेव्हा मी क्षणभर खुर्ची शोधायचेच विसरलो. टीव्हीचा पडदा चेंडूच्या मागे धावतो. चेंडू नसेल तेथे काय चालले आहे ते तो दाखवीत नाही. येथे मला सगळा डाव एकाच वेळी दिसत होता. गोलंदाजाने हात हलवताच क्षेत्ररक्षक दोन पावले कसा सरकतो, फलंदाज त्या दोन पावलांकडे कसा चोरून पाहतो, आणि बॅटीचा आवाज कानी येईपर्यंत चेंडू निम्म्या वाटेवर कसा गेलेला असतो, हे सारे प्रथमच कळले. विदर्भाचे तीन गडी अवघ्या २४ धावांत गेले. मग दानिश मालेवार हा नागपूरचा एकवीस वर्षांचा पोरगा आणि करुण नायर या दोघांनी २१५ धावांची भागी केली. नायर ८६ वर धावबाद झाला. मालेवार दिवसअखेर १३८ वर नाबाद होता. आदित्य सरवटे हा आपला विदर्भाचा गडी आता केरळकडून गोलंदाजी करीत होता. २०१९ साली याच मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने विदर्भासाठी अकरा बळी घेतले होते. माझ्या मागच्या ओळीतले एक आजोबा त्याच्या प्रत्येक चांगल्या चेंडूला टाळी देत होते आणि लगेच 'पण आता नको रे बाप्पा' असेही म्हणत होते. असे आजोबा कोणत्याही वाहिनीवर भेटायचे नाहीत.

माझ्या भोवतीच्या खुर्च्या मात्र ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. त्यांच्याविषयी पुढे बोलेन. आधी त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरे शल्य त्यात आहे. आपल्याला कोण पुसतो?

आपल्या देशात नवी स्टेडियमे कशी उभी राहिली त्याचा इतिहास पाहावा. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ मधले, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामने मुंबईच्या क्रिकेट संघटनेने भरवायचे, जागा क्लबची. तेव्हा कोणाला किती आसने, यावरून वर्षानुवर्षे तंटा चालला. अखेर आपल्या विदर्भाचे बॅरिस्टर शेषराव वानखेडे इरेला पेटले आणि ब्रेबोर्नपासून हाकेच्या अंतरावर संघटनेचे स्वतःचे स्टेडियम उभे राहिले. त्यांच्या जिद्दीचा मला अभिमान आहे. परंतु तंटा होता आसनांच्या वाटणीचा, आणि वाटणी दोन संस्थांमधली होती. उन्हात रांग लावणारा माणूस या भांडणात वादी नव्हता आणि प्रतिवादीही नव्हता.

त्या नव्या वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचे द्विशतक पुरे होताच एक प्रेक्षक आनंदाच्या भरात त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बडवला. ते पाहून प्रेक्षक खवळले, जाळपोळ झाली आणि खेळ थांबला. मैदानात धावणे गैर आणि जाळपोळ त्याहून गैर, याबद्दल माझे दुमत नाही. पण नव्या कोऱ्या वास्तूत पहिल्याच सामन्याला प्रेक्षकाचे स्वागत कशाने झाले, ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे पुण्यात त्याच कथेचा दुसरा प्रयोग झाला. नेहरू स्टेडियम महापालिकेचे, सामने संघटनेचे, आणि वाद पुन्हा तिकिटांच्या वाटपाचा. संघटनेने शहराबाहेर गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम बांधले. २०१२ साली ते सुरू झाले. तेथेच २४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी भर उन्हात प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. माफी मागितली हे चांगलेच झाले. पण कोट्यवधी रुपये खर्चून वास्तू उभारणाऱ्यांना तहान लागण्याची आगाऊ कल्पना का नसावी?

२०१८ मध्ये तर या वाटणीच्या प्रश्नाने सामनेच गावोगाव फिरवले. क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेने फुकट पास एकूण आसनांच्या दहा टक्क्यांवर आणले. त्यावरून इंदूरच्या संघटनेचे आणि मंडळाचे जमेना, आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना इंदूरहून उचलून विशाखापट्टणमला नेला. त्याच मालिकेतला मुंबईचा सामना संघटनेच्या कारभारातील घोळामुळे वानखेडेवरून पुन्हा ब्रेबोर्नवर गेला. आसनांच्या भांडणापायी जे स्टेडियम सोडले होते, तेथेच चार दशकांनी परत यावे लागले, हा दैवाचा विनोद म्हणावा. आईजीच्या जिवावर बाईजी उदार, अशातली ही पासांची उदारता आहे. ज्याने कधी तिकीट काढले नाही त्याच्यासाठी सामना गाव सोडून जातो. ज्याने महिनाभर पैसे साठवून तिकीट काढायचे ठरवले असते, त्याला कोणी विचारीत नाही.

हे असे का होते? व्यवस्थापक मंडळी दुष्ट असतात असे मी मानीत नाही. कारण हिशेबात आहे. एके काळी सामन्याचा खर्च तिकिटांच्या पैशातून भागायचा, म्हणून प्रेक्षक ऋतूतल्या पावसासारखा वाटे; तो आला नाही तर दुष्काळ. आता पैसा येतो प्रक्षेपणाच्या हक्कांतून. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. या आकड्यापुढे माझ्या तिकिटाच्या रकमेला काय मोल? ज्याच्या पैशाविना अडत नाही त्याच्या पाण्याची चिंता कोण वाहणार?

पण येथेच हिशेब करणाऱ्यांची चूक आहे, आणि ती त्यांच्याच तोंडून वदवता येते. २०२० साली साथीमुळे आयपीएलचे सामने आखाती देशात रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. तेव्हा प्रक्षेपणात काय ऐकवले गेले, आठवते ना? गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज! चौकार गेला की कोणी तरी कळ दाबायचे आणि नसलेले लोक ओरडायचे. म्हणजे खेळ विकायचा तर आमचा आरडाओरडा लागतो, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. आमच्या टाळ्या, आमचे सुस्कारे, आमच्या पोरांनी गालांवर काढलेले तिरंगे, हा सारा त्या ४८,३९० कोटींच्या मालाचाच भाग आहे. नाटकात काम करणाऱ्या नटाला रात्र मिळते. आम्ही मात्र या नाटकात पदरचे पैसे भरून काम करतो आणि तहानलेले घरी येतो.

मी हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराबाहेरच्या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना पाहायला मी पत्नी आणि मुलगी यांच्यासह गेलो होतो. त्या स्टेडियमचे नाव घेत नाही, कारण असा अनुभव एकाच ठिकाणी येतो असे नाही. तिकीट मोबाईलवर काढले, तरी कागदाचे तिकीट घ्यायला आदल्या दिवशी शहरात जाऊन रांग लावावी लागली. खेड्यातल्या माणसाला एका सामन्यासाठी दोन वाऱ्या. दारात पाण्याची बाटली काढून घेतली. सुरक्षेसाठी घेतली असेल, मान्य. पण आत त्याच पाण्याचे पैसे मोजायचे, आणि तेही दुपारपर्यंत संपलेले. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे एवढी रांग, की माझ्या पत्नीने पाच षटके तेथेच घालवली. सामना संपल्यावर रात्री अंधारात गाडीपर्यंत तीन-चार किलोमीटरची पायपीट. मुलगी खांद्यावर झोपलेली. सामना आपण जिंकला होता, आणि तरीही वाटेत पत्नी म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही एकटेच या." माझ्या मते सर्वांत मोठा पराभव तो होता. घरातली स्त्री ज्या खेळाला 'तुम्ही एकटेच जा' म्हणते, त्या खेळाने निम्मे घर गमावलेले असते.

गैरसोयीचे सोडा, माणसे मेली तरी आपण किती लक्षात ठेवतो? २६ नोव्हेंबर १९९५ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध सामना चालू असताना भिंत कोसळून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सामना पुढे चालू राहिला. त्या दिवशी कोणी किती धावा केल्या ते नोंदवहीत आजही मिळते. गेलेल्यांची नावे किती जणांना सांगता येतील? ४ जून २०२५ रोजी बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी विजयाच्या सोहळ्याला लोटलेल्या गर्दीत चेंगरून अकरा जण गेले. मध्ये तीस वर्षे लोटली. गर्दीला आपण अजूनही आकडा समजतो, माणसे समजत नाही.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते. 'एवढी मोठी गर्दी, गुरुजी! कोण आवरणार?' मी त्यांना म्हणतो, आमच्या वऱ्हाडात या. शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात जाऊन एक दिवस रांगेत उभे राहा. सणावाराला तेथे केवढी गर्दी लोटते! तरी रांग पुढे सरकते, प्यायला पाणी मिळते, जमिनीवर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि सेवेकरी म्हाताऱ्या बाईला 'माऊली' म्हणून वाट करून देतो. ही व्यवस्था कोणा परदेशी तज्ज्ञाने येऊन शिकवलेली नाही. आलेला माणूस आपला आहे, एवढे एकच सूत्र तिच्यामागे आहे. शेगाव लांब वाटत असेल तर आमच्या गावी या. आमच्या गावाच्या नावातच बाजार आहे, तेव्हा बाजार म्हणजे काय ते आम्हांला पढवायला नको. पण भर बाजारातसुद्धा उन्हाळ्यात कोणी तरी पाणपोई घालतो, आणि तेथे पाणी पिणाऱ्याला 'तू काय विकत घेतलेस?' असे विचारीत नाही. स्टेडियमवाल्यांनी खेळाचा बाजार मांडला म्हणून मी रागावत नाही. मांडला तो मांडला, बाजाराची रीत तरी पाळावी, एवढेच मागणे आहे.

'स्वस्त तिकिटे परवडत नाहीत,' असाही एक युक्तिवाद असतो. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारतातील गट-फेरीची तिकिटे १०० रुपयांपासून ठेवली होती. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून चषक जिंकला, तेव्हा ते स्टेडियम गच्च भरले होते, आणि त्या गर्दीत आया होत्या, लेकी होत्या, आज्या होत्या. दार उघडले की कुटुंब येते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आता त्या रिकाम्या खुर्च्या. संघटनांना दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. पण जामठ्याला त्या दिवशी ज्या खुर्च्या मोकळ्या होत्या, त्या कोणा पासवाल्याने अडवलेल्या नव्हत्या. रणजीला बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत असतो. विदर्भाने २०१८, २०१९ आणि २०२५ असा तीनदा हा करंडक जिंकला. हर्ष दुबे या आपल्या फिरकी गोलंदाजाने २०२४-२५ च्या हंगामात ६९ बळी घेतले. एका रणजी हंगामात इतके बळी त्याआधी कोणीच घेतले नव्हते. कोळसाखाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव याच विदर्भातून २०११ साली भारताकडून कसोटी खेळला. ही आपली माणसे, आपल्या अंगणात, फुकट खेळत असतात आणि आपण घरी मोबाईलवर दुसऱ्याच कुठल्या शहराच्या संघाला ओरडून पाठिंबा देत असतो. ३० जानेवारी २०२५ रोजी विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला तेव्हा तेथे पहाटेपासून हजारोंची रांग लागली. म्हणजे लोकांना वेळ नसतो असे नाही. आपण खेळ पाहायला जात नाही, दर्शनाला जातो. आणि जो केवळ दर्शनाला जातो, त्याला बडवे कसेही ढकलतात. तो तक्रार करीत नाही. ज्याला खेळ कळतो, जो वर्षभर येतो, ज्याचा चेहरा दारावरच्या माणसाला ओळखीचा असतो, त्याला ढकलणे इतके सोपे नसते.

म्हणून माझे मागणे दोन्हीकडे आहे. संघटनांनी प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्याला एक भाग स्वस्त दरात बाहेरच्या जिल्ह्यांसाठी राखावा आणि त्याची तिकिटे वाशीम, बुलढाणा, गडचिरोली अशा जिल्ह्याच्या गावी विकावीत. मानकऱ्यांच्या वातानुकूलित कक्षाचा आणखी एक मजला चढवण्याआधी साध्या प्रेक्षकाच्या डोक्यावर छप्पर घालावे. पाणी फुकट असावे आणि शेवटच्या चेंडूपर्यंत असावे. बायकांची स्वच्छतागृहे पुरुषांच्या निदान दुप्पट असावीत. सामना सुटल्यावर शेवटचा माणूस वाहनात बसेपर्यंत यजमानांनी दिवे मालवू नयेत. यातले एकही काम असे नाही, की जे आपल्या देशाच्या क्रिकेटला पैशाअभावी अडेल.

आणि आम्ही प्रेक्षकांनी काय करावे? रणजीला जावे. शाळांनी सहलीच्या यादीत एक दिवस मैदानाचा घालावा. मुलांनी काढलेल्या पिकाच्या मोकळ्या शेतात टेनिसच्या चेंडूने खेळता खेळता ज्यांची नावे घेतली, त्यांना एकदा वीस-पंचवीस पावलांवरून पाहावे. सीमेवर उभा असलेला गडी मागे वळून हसतो, हे कोणत्याही पडद्यापेक्षा मोठे शिक्षण आहे, असे मी शिक्षक म्हणून सांगतो. खुर्च्या रिकाम्या ठेवून हक्क मागता येत नाही. ज्या घरात आपण राहत नाही त्या घराची दारे-खिडक्या कोण दुरुस्त करील?

१९२६ साली मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी एम. सी. सी.च्या पाहुण्या संघाविरुद्ध अकरा षटकार मारून १५३ धावा काढल्या, तेव्हा आत जागा न मिळालेल्या लोकांनी तो खेळ झाडांवर आणि घरांच्या छपरांवर चढून पाहिला. तो जिमखाना गोऱ्यांचा होता. झाडावर बसणे तेव्हा नाइलाज होता. आज जिमखाने आपले, संघटना आपल्या, स्टेडियमे आपल्या नावांची. या स्वराज्यात आपण अजून झाडावर का बसावे? पुसणारा कोणी नसेल तर आपण आत जाऊन, खुर्चीवर बसून, मोठ्याने विचारले पाहिजे, की पाणी कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत उठायचे नाही.